तिच्याच वाफ्यात सडा

सकाळी चहाचं आधण ठेवलं की दिवसाची यादी करायची, ही माझी लग्नाआधीपासूनची सवय. त्या यादीत घर आणि प्रयोगशाळा असा भेद नसे. गहू दळून आणणे, धाकटीच्या फ्रॉकचा काठ सोडणे, खाप्याच्या शेतातून आणलेली माती चाळणे, सगळं एकाखाली एक. संध्याकाळपर्यंत सगळ्यावर रेघ मारली गेली की मला झोप छान लागे. ती आमच्या विभागात आली त्या वर्षी मात्र यादी पूर्ण होऊनही झोप लागेना. तिचं नाव कोणत्याच यादीत लिहिता येत नव्हतं आणि तिच्यावर रेघही मारता येत नव्हती.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी चाळिशी ओलांडली होती. नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं पाणी तपासत होते. मातीचं काम माझ्याकडे आलं ते एका बाटलीतून. खाप्याकडचा एक शेतकरी आपल्या विहिरीचं पाणी शेंदून, सरबताच्या बाटलीत भरून, एसटीनं घेऊन आला. पाणी स्वच्छ दिसत होतं, पण बूच काढलं की पावडरीचा वास येत होता. पावडर म्हणजे तेव्हा सगळ्यांना ठाऊक असलेली पावडर. कपाशीवर मारायची, ढेकणांवर टाकायची, डासांसाठी भिंतींवर फवारायची. डीडीटी, बीएचसी ही नावं खेड्यातल्या म्हाताऱ्यांनाही पाठ होती.

मी त्याच्या शेतावर गेले. शेताच्या कडेला टिनाचं गोदाम होतं. कुण्या व्यापाऱ्यानं ते भाड्यानं घेऊन त्यात पावडरीची पोती रचली होती. टिनं उडाली, पोती फाटली, पाऊस आत शिरला, व्यापारी निघून गेला. माती तेवढी मागे राहिली. त्या मातीत गवताची काडी उगवत नव्हती. पालापाचोळा कुजतो, मेलेलं ढोर कुजतं, ही विषं कुजत नाहीत. वर्षानुवर्षं मातीला धरून बसतात आणि पाण्याबरोबर हळूहळू विहिरीकडे सरकतात.

त्या शेतकऱ्याच्या बायकोला, काकूंना, गोदामाच्या जागेवर संत्र्याची पन्हेरी, म्हणजे रोपवाटिका, लावायची होती. विहीर जवळ, जमीन सपाट, रोपांना यापेक्षा चांगली जागा नव्हती. त्यांनी मला विचारलं, “म्याडम, हे माती धुता येते का?”

मी म्हटलं, “बघते.”

ते बघणं दोन वर्षं चाललं. मी वाचलं, पत्रं लिहून लेख मागवले आणि साहेबांच्या मागे लागले. कल्पना सोपी होती. कापलेलं वांगं काळं पडतं, लोखंडी विळ्याला गंज चढतो, ते हवेतल्या प्राणवायूचं काम. तेच काम फार जोरात करणारं रसायन मातीत सोडायचं आणि विषाचे तुकडे करायचे. माती जागच्या जागी, भट्टी नाही, धूर नाही. साहेबांनी शेवटी मान डोलावली. पैसे मंजूर झाले. मी सामानाची यादी केली, दोन पानी.

आणि त्याच महिन्यात ती आली.

ती सांगलीकडची होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, पीएच.डी. झालेली. साहेब मला इतकी वर्षं ‘बाई’ म्हणत होते, तिला पहिल्या दिवसापासून ‘डॉक्टर’. पहिल्या आठवड्यातच ते मला म्हणाले, “बाई, मातीचं काम आता डॉक्टरांनी बघावं असं म्हणतो. तुम्ही आहातच मदतीला.”

आहातच! घरातल्या जात्यासारखी.

तिचं टेबल म्हणजे बुधवारचा बाजार होता. बाटल्यांवर लेबलं नाहीत, कागदांवर चहाचे गोल डाग, छत्री एकीकडे, चष्म्याची डबी दुसरीकडे. साडी नेहमी चुरगळलेली. मी तिच्या बाटल्यांकडे पाहिलं की माझ्या बोटांना कंड सुटे. आणि तरी तिला प्रश्न विचारला की उत्तर असं सरळ येई, की मला माझी दोन वर्षांची टिपणं उगाच जाड वाटू लागत. ते मला सहन होत नव्हतं. अव्यवस्थित माणसाला यश मिळू नये, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

घरी नवरा विचारी, “काय म्हणते तुझी सवत?”

“सवत कसली? कालची पोर.”

“सवत कालचीच असते. जुनी असती तर तू झाली असतीस तिची सवत.”

मी त्याच्या ताटात भाजी जरा कमीच वाढली.

मी साहेबांशी भांडले मात्र. आवाज न चढवता, मुद्देसूद. खाप्याची माती मी आणली, तिथली माणसं मला ओळखतात, आणि माझी पद्धत ठरलेली आहे. माझी पद्धत म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, ज्याला गावात लाल औषध म्हणतात आणि विहिरीत टाकतात. स्वस्त, माहितीचं, हाताळायला सोपं. तिला हे पटत नव्हतं. तिचं म्हणणं, लाल औषध या विषांपुढे कमजोर पडेल. तिला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरायचं होतं, सोबत थोडं हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार. त्या दोघांच्या भेटीत जे तयार होतं ते क्षणभरच टिकतं, पण समोर येईल त्याचे तुकडे करतं.

साहेब वैतागले. “दोघींचेही वाफे करा शेतात. जिची माती जास्त साफ होईल, तिच्या हातात पूर्ण काम. मग माझ्याकडे यायचं नाही कोणी.”

मला हेच हवं होतं. तिलाही चाललं. ती हसून म्हणाली, “मस्त! स्पर्धा!” जणू संक्रांतीच्या पतंगांची गोष्ट होती.

पहिल्यांदा आम्ही दोघी जीपनं खाप्याला गेलो ते मला नीट आठवतं, कारण त्या दिवशी मला कळलं की तिचा हेवा फक्त ऑफिसापुरता राहणार नाही. काकू ओट्यावर उभ्या होत्या. म्हणाल्या, “या वं, बसा. चहा मांडून राहिली मी.”

आणि ही सांगलीची बाई चपला काढता काढता म्हणाली, “बसून राहिली काकू, बसून राहिली!”

काकूंनी पदर तोंडावर धरला आणि इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. आत नवऱ्याला हाक मारली, “आहो, पाहा ना, सांगलीची पोर कशी बोलून राहिली!”

पोर. मी दोन वर्षं त्या ओट्यावर येत होते आणि मी अजून म्याडमच होते.

आता माझं ऐका. माझी आई घरात ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ असंच बोलायची. मी कॉलेजात गेले तेव्हा ते सगळं जिभेवरून घासून घासून काढलं. धरमपेठेतल्या मैत्रिणी हसू नयेत म्हणून, नोकरीच्या मुलाखतीत कुणी भुवई उंचावू नये म्हणून. काकूंच्या ओट्यावरही मी पुस्तकी बोलत असे, कारण मी तिथे कामाला जात होते. जे मी कष्टानं टाकून दिलं, ते हिनं रस्त्यावरून उचललं, अर्धं चुकीचं बोलली, आणि तेवढ्यावर घरची झाली. तिला भरताचं वांगं आणि भाकर मिळाली. मलाही मिळाली, पण माझं ताट पाहुण्याचं होतं. तिचं चुलीजवळ मांडलं होतं.

मी जेवण लवकर आटोपलं आणि कामाला लागले. गोदामातली माती खणून, ढेकळं फोडून, खाली जाड प्लास्टिक अंथरलेल्या उथळ खड्ड्यांत पसरायची होती. तीन वाफे. एक माझा, एक तिचा आणि मधला नुसत्या पाण्याचा, तुलनेसाठी. काकूंचे यजमान ढेकळं फोडायला आले. मी चारही बाजूंनी सुतळी बांधली आणि माझ्या वाफ्यावर नि पाण्याच्या वाफ्यावर बोट ठेवून त्यांना बजावलं, “या दोन वाफ्यांना कोणीही हात लावायचा नाही. ढोर नाही, कोंबडी नाही, मुलं नाहीत, तुम्हीसुद्धा नाही.”

“हाव जी,” ते म्हणाले. मग तिसऱ्याकडे पाहून, “आन् तो?”

“तो त्यांचा आहे. त्या सांगतील.”

ती हात पुसत आली आणि काकूंना म्हणाली, “काकू, माझा वाफा तुमच्या हवाली. लक्ष असू द्या.”

बास, एवढंच. काही नियम नाही, काही सूचना नाही. मला वाटलं, बघू आता, कोंबड्या उकरतील तेव्हा कळेल.

आठवडाभरानं पहिला डोस द्यायला गेलो. माझा वाफा मी सोडून गेले होते तसाच होता, सुतळीसकट, कोरडा. पाण्याच्या वाफ्यावर कुठून तरी आलेली दोन पळसाची पानं पडली होती. आणि तिच्या वाफ्याभोवती रांगोळी होती. पांढरी, ठिपक्यांची, चारही कोपऱ्यांत कमळ. कडेची जमीन लख्ख झाडलेली. एका कोपऱ्यात जास्वंदीचं फूल.

मी स्वतःला समजावलं की ही रांगोळी कुठल्याही आकडेमोडीत येत नाही. तरी डोळे तिकडेच जात होते. ती मात्र पोरीसारखी टाळ्या वाजवत म्हणाली, “अय्या, काकू! हे कशाला?”

“काहून? तुयं अंगणच हाय ते,” काकू म्हणाल्या.

मग डोस. मी माझ्या वाफ्यात मोजून लाल औषधाचं पाणी सोडलं. गडद जांभळं पाणी काळ्या मातीत शिरलं, हळूहळू विटकरी झालं, मग तपकिरी. बघायला काही नाही. तिनं रबरी हातमोजे घातले, हिराकसाचं पाणी दिलं आणि वरून पेरॉक्साइड सोडलं. तर काय सांगू! वाफा उकळल्यासारखा फुलून आला. पांढराशुभ्र फेस चढला, सुतळीपर्यंत आला, प्लास्टिकच्या कडेवरून ओघळला. आजूबाजूच्या शेतांतली माणसं धावत आली. कुणी म्हणालं, “बापा, विष कसं उफाळून राहिलं पाहा!” काकूंनी हात जोडले.

तिनंही फेसाकडे जरा नवलानं पाहिलं. म्हणाली, “प्रयोगशाळेत इतका नव्हता आला. इथल्या मातीत चुना जास्त असेल, बहुधा.”

मला ते फेसाचं कौतुकही लागलं. जीपमध्ये मी खिडकीबाहेर बघत बसले. माझं रसायन मुकाट्यानं काम करत होतं, आणि जगाला फेस आवडतो.

असे तीन डोस झाले. दर वेळी रांगोळी, दर वेळी फेस, दर वेळी तिच्यासाठी डब्यात काहीतरी. एकदा तिळाची चटणी, एकदा बोरं. मला आग्रह होई, पण तो आग्रहच होता. शेवटच्या वेळी तर काकू तिला म्हणाल्या, “पन्हेरी लागली की पह्यलं रोप तुले, सांगलीले घेऊन जा.” दोन वर्षांपूर्वी माती धुता येते का हे मला विचारणाऱ्या काकू याच होत्या.

मग नमुने आणले, वाळवले, विष काढून घेतलं, यंत्रात सोडलं. त्या यंत्राच्या कागदावर प्रत्येक विषाचं एक शिखर उमटायचं. विष जितकं जास्त, शिखर तितकं उंच. माझ्या वाफ्याची शिखरं उतरली होती. फार नाही, पण दिसण्याइतकी. तिच्या वाफ्याची जवळजवळ पाण्याच्या वाफ्याइतकीच उंच होती.

मी तो कागद दोनदा मोजला, मग तिसऱ्यांदा. आनंद झाला का? झाला. इतका की मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि आरशात स्वतःकडे बघून हसले. एवढा फेस, एवढी रांगोळी, आणि हाती काय?

तिनं कागद घेऊन शिखरं पुन्हा मोजली. “असं होऊ नये,” एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी मात्र सीताबर्डीवरून संत्रा बर्फीचा डबा घेऊन आली आणि सगळ्या विभागात माझ्या नावानं वाटली. हरली तर निदान तोंड पाडून बसावं की नाही माणसानं? तेही नाही. साहेब बर्फी खात म्हणाले, “ठरलं बाई. काम तुमचं. एकदा पडताळणीचे नमुने घेऊन या, मग मी वर लिहितो.”

‘काम तुमचं.’ हे दोन शब्द मी एसटीत बसून खाप्यापर्यंत घोळवत गेले. त्या दिवशी मी एकटीच गेले होते, जीप मिळाली नव्हती. तिला बोलावलंही नव्हतं. मला त्या ओट्यावर एकदा एकटीनं बसायचं होतं.

काकूंनी चहा दिला आणि पहिलं वाक्य, “पोर नाई आली?”

“तिला काम होतं.” मग माझ्याच्यानं राहवेना. मी म्हटलं, “काकू, तिच्या वाफ्यात काही फरक पडला नाही. माझ्या वाफ्यातल्या मातीत पडला.”

काकूंचा चेहरा उतरला. “काहून वं? मी तर रोज करून राहिली.”

“रोज काय?”

“सडा! सकाळी उठली की पह्यला सडा तिच्या वाफ्यात, मंग अंगणात. चांगली म्हशीच्या शेणाची बादली कालवून. तिनं माह्या हवाली केला होता नं.”

मी कप खाली ठेवला. “आणि माझ्या?”

“तुमी तर हात नोको लावू म्हणलं होतं,” काकू म्हणाल्या. मग जरा अपराधी होऊन, “मनात आलं होतं माह्या. यायनं टाकू नाई देल्लं.”

खाटेवर बसलेले यजमान म्हणाले, “म्याडमचं तोंड पाह्यलं होतं मी त्या दिवशी. मी म्हणलं, बाप्पा, त्या वाफ्याच्या वाऱ्यालेही नोको जाऊ.”

मी हसले की नाही आठवत नाही. मला सगळं एकदम दिसत होतं. पेरॉक्साइडला विष आणि शेण यांतला फरक कळत नाही, ते समोर येईल त्यावर तुटून पडतं. रोज बादलीभर शेणाचं पाणी मुरलेल्या त्या मातीत ते शेणावरच संपून गेलं होतं, विषापर्यंत पोचलंच नव्हतं. तो सगळा फेस शेणाचा होता. सकाळचा सडा आम्ही पोचेपर्यंत काळ्या मातीत जिरून जाई आणि वर नुसती रांगोळी दिसे. जिचा मला इतका हेवा वाटला होता, त्या कौतुकानंच तिचा वाफा बुडवला होता. आणि माझा वाफा वाचला होता तो माझ्या तोंडामुळे.

काकूंना मी समजावून सांगितलं. त्यांना ते पटेना. “शेणानं कधी माती बिघडली का वं?”

यजमानांना मात्र लगेच उमजलं. म्हणाले, “अवं, पंगतीत बसलेल्याले आधीच पोटभर भाकरी वाढली, त मंग लाडू कोन खाईन?”

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले आणि जमाखर्च मांडला. गप्प राहिले तर काम माझं. कुणाला कळायचं कारण नाही, काकू नागपूरला येत नाहीत. पण ते माझ्या नावावर आलेलं काम उद्या अख्ख्या गोदामाच्या मातीवर करायचं होतं. माझ्या वाफ्यातली शिखरं उतरली होती ती थोडीशी. इतक्यानं विहिरीचा वास जाणार नव्हता आणि पन्हेरी लागणार नव्हती, आणि तेव्हा अपयशही माझ्याच नावावर लागणार होतं. ही झाली हिशेबाची बाजू.

दुसरी बाजू हिशेबाची नव्हती. मला तिला हरवायचं होतं, पण तिनं पूर्ण ताकदीनं उतरल्यावर. शेणाच्या बादलीनं मिळवून दिलेला पहिला नंबर मला नको होता. मला आतून माहीत असणार, की तिच्या वाफ्यात रोज सडा पडत होता म्हणून मी जिंकले. म्हणजे जिंकूनही सड्याची मानकरी तीच. हे मला आयुष्यभर डाचलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या खोलीत, तिला समोर बसवून, मी सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. “बाई, पायावर धोंडा पाडून घ्यायची हौस आहे का तुम्हाला?”

“हौस नाही. तुलना चुकीची झाली आहे. पुन्हा करावी लागेल.”

ती आधी हसायला लागली. “रोज? रोज सकाळी? अहो, मी त्यांना लक्ष ठेवा म्हटलं!” हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. मग हसणं थांबलं, पाणी थांबलं नाही. तिनं रुमाल शोधला. तो अर्थातच तिच्याजवळ नव्हता. मी माझा दिला.

दुसऱ्या वेळी तिन्ही वाफ्यांत गोदामातली नवी माती भरली आणि मी बोट ठेवून कुणाला बजावलं नाही. ओट्यावर बसून काकूंना म्हटलं, “काकू, या खेपेला कोणाच्याच वाफ्यात सडा नको. ना तिच्या, ना माह्या.” ते ‘माह्या’ तोंडातून कसं निसटलं कोण जाणे. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “तुमी आमच्या इकडच्याच हो नं? मले वाटलंच होतं.” मला लाज वाटली की बरं वाटलं, ते मला आजही सांगता येत नाही. ती शेजारी बसून भाकर मोडत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे इतक्या कौतुकानं पाहिलं की मला पुन्हा राग आला.

या वेळी तिच्या वाफ्यात थोडाच फेस आला आणि बसला. बघायला कुणी धावलं नाही. रांगोळी होती, पण तिन्ही वाफ्यांपासून लांब, ओट्यासमोर.

यंत्राचा कागद मीच काढला. पाण्याच्या वाफ्याची शिखरं उंच. माझी त्यांच्याहून बुटकी, आधीइतकीच. तिची म्हणजे गादीखाली दाबलेल्या साडीवरची सुरकुती, जेमतेम दिसणारी. मी मोजपट्टी लावली, पण तिची गरज नव्हती. लांबूनही दिसत होतं. मी कागद घडी न करता तिच्या टेबलावर, त्या बाजारात, मधोमध ठेवला आणि म्हटलं, “तुमचं खरं होतं.” तोंडात कारल्याची चव आली, तरी म्हटलं.

साहेबांनी काम तिला दिलं. या वेळी बर्फी आली नाही. कुणी वाटायची ते कुणाला कळेना, मलाच वाटायला हवी होती हे मला कळत होतं, आणि मी काही सीताबर्डीवर गेले नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्यानं नेहमीचा विनोद केला नाही. “मग आता तू पुन्हा पाण्याकडे?” एवढंच विचारलं. मी म्हटलं, हो. दुसऱ्या दिवशीच्या यादीत पहिलं काम लिहिलं, मातीची कपाटं रिकामी करून तिच्या हवाली करणे.

मी कपाट रिकामं करत होते तेव्हा ती आली. दारात उभी राहिली, हातात चहाचे दोन कप, एक सांडलेला. म्हणाली, “तुम्ही पाण्याकडे जाऊ नका. अख्ख्या गोदामाची माती आहे. मला रसायन कळतं हो, पण मला बाटल्यांवर लेबलं लावणं जमत नाही, सामान आठवत नाही, आणि माणसांना काय सांगायचं राहून जातं ते आता तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही नसाल तर मी पुन्हा कुणाच्या तरी हवाली काहीतरी करून येईन.”

मी बाटल्या उंचीप्रमाणे लावत राहिले. तिच्या हाताखाली काम करायचं, माझ्याहून दहा वर्षांनी लहान बाईच्या, जिला माझ्या काकू पोर म्हणतात. नको वाटत होतं. आणि ती माती दुसऱ्या कुणाच्या हाती सोडून पाण्याकडे जायचं, तेही नको वाटत होतं.

शेवटी मी म्हटलं, “माझ्या अटी आहेत.”

“सांगा.”

“बाटलीत माती भरायच्या आधी लेबल. नंतर नाही, आधी. खाप्याला निघायच्या आदल्या दिवशी सगळं सामान माझ्यासमोर भरायचं. शेतावर काय करायचं, काय नाही, ते दोघींनी एकत्र बसून काकूंना सांगायचं, एकीनं ओट्यावर आणि दुसरीनं वाफ्याजवळ, असं नाही. आणि साहेबांसारखं मला बाई म्हणायचं नाही.”

“मान्य,” ती म्हणाली. “सगळं मान्य.” आणि सांडलेला कप स्वतःकडे ठेवून भरलेला माझ्यापुढे केला.

मी चहा घेतला. निदान एका अटीवर तरी तिनं भांडायला हवं होतं.